शीतयंत्राशिवाय घरची लागर: सॅफलागर डब्ल्यू-३४/७० या यीस्टचे परीक्षण

इंग्लंडमध्ये घरी बिअर करणारे बहुतेक लोक एलपासून, म्हणजे उबेत आंबणाऱ्या बिअरपासून, सुरुवात करतात आणि त्यांतले अनेकजण एलवरच थांबतात, कारण लागरसाठी, म्हणजे थंडीत आंबवल्या जाणाऱ्या बिअरसाठी, थर्मोस्टॅट बसवलेला वेगळा फ्रिज किंवा ग्लायकॉलवर चालणारी शीतयंत्रणा हवीच, अशी त्यांची पक्की समजूत झालेली असते. फर्मेंटिस या फ्रेंच कंपनीचे सॅफलागर डब्ल्यू-३४/७० हे कोरडे यीस्ट मी गेली काही वर्षे अशा कोणत्याही यंत्राविना, दक्षिण इंग्लंडमधल्या एका साध्या घराच्या जिन्याखालच्या कपाटात वापरतो आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की हे यीस्ट योग्य प्रमाणात घातले आणि पहिले तीन-चार दिवस तापमानाकडे नीट लक्ष दिले, तर स्वच्छ, कोरड्या चवीची, कुरकुरीत लागर घरात होऊ शकते. आंबण्याच्या काळात लागणारी थंडी आपण समजतो त्यापेक्षा बरीच कमी आहे. जिला खरोखर पर्याय नाही ती थंडी बाटल्या भरून झाल्यानंतरची, आणि ती स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये आधीपासूनच उपलब्ध असते.

या यीस्टचे मूळ म्युनिकजवळच्या फ्रायझिंग येथील वाइनश्टेफानच्या यीस्ट-संग्रहात आहे आणि त्याचा क्रमांक हेच त्याचे नाव झाले आहे. जगभरातल्या लहानमोठ्या ब्रुअरी हा वाण वापरतात, त्यामुळे घरगुती ग्राहकाला मिळणारे पाकीट ही व्यावसायिक मालाची एखादी सौम्य आवृत्ती नव्हे; वाण तोच, फक्त वजन कमी. पाकीट ११.५ ग्रॅमचे असते. उत्पादकाने दिलेली तापमानाची शिफारस १२ ते १८ अंश सेल्सियस अशी आहे, आणि वर्टमधल्या, म्हणजे माल्टपासून (अंकुरवून वाळवलेल्या धान्यापासून) काढलेल्या गोड रसातल्या, साखरेपैकी ८० ते ८४ टक्के साखर हे यीस्ट फस्त करते असे त्यांच्या माहितीपत्रकात नमूद आहे. शिफारशीतला हा वरचा १८ अंशांचा आकडाच आपल्या कामाचा आहे, कारण ब्रिटनमधल्या घराचा उत्तरेकडचा कोपरा, गॅरेज किंवा जिन्याखालची जागा ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत साधारण याच्या आतबाहेर असते.

लागर आणि थंडी यांची सांगड कशी पडली हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. बव्हेरियात १५५३च्या आदेशाने उन्हाळ्यात बिअर करण्यास मनाई झाली आणि बिअर करण्याचा हंगाम २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल असा ठरला. थंड महिन्यांत आणि थंड तळघरांत जे यीस्ट तग धरू शकले तेच पुढे टिकले. आज आपण त्याला सॅकरोमायसिस पास्टोरियानस म्हणतो आणि ते दोन प्रजातींचा संकर आहे. त्यातले एक नेहमीचे पाव-एलचे यीस्ट, आणि दुसरे २०११मध्ये पॅटागोनियातल्या जंगलात सापडलेले, थंडी सहन करणारे सॅकरोमायसिस युबायानस. एमिल क्रिस्टियन हानसेन यांनी १८८३मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत या यीस्टचे शुद्ध वाण वेगळे केले. म्हणजे या यीस्टला थंडी सोसते हे खरे आहे. पण सोसते म्हणजे थंडीवाचून त्याचे अडते असा अर्थ होत नाही. १९व्या शतकात कॅलिफोर्नियात बर्फ दुर्मीळ असताना तिथल्या ब्रुअरींनी लागरचेच यीस्ट कोमट हवेत आंबवले आणि त्यातून ‘स्टीम बिअर’ हा स्वतंत्र प्रकार जन्माला आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने तो विसाव्या शतकात जगवला. ती बिअर स्वच्छ लागरसारखी लागत नाही, तिच्यात फळांची आणि भाजलेल्या माल्टची चव असते. परंतु लागरचे यीस्ट उबदार जागी काम करते याचा तो जुना पुरावा आहे. डब्ल्यू-३४/७०चे वैशिष्ट्य असे की उबेत काम करतानाही ते फळांचा गंध फारसा सोडत नाही. उबेत आंबवलेल्या लागरविषयी जी काही शंका असते ती नेमकी याच मुद्द्याभोवती असते.

आता प्रमाण. या उत्पादनाबद्दलची सर्वांत महत्त्वाची सूचना पाकिटावरच्या बारीक अक्षरांत दडलेली असते: १०० लिटरला ८० ते १२० ग्रॅम. वीस लिटरच्या घाण्यासाठी, म्हणजे एका वेळी केलेल्या बिअरसाठी, याचा हिशेब १६ ते २४ ग्रॅम होतो, म्हणजे एक पाकीट अपुरे आणि दोन पाकिटे बरोबर. अनेकजण पैसे वाचवण्यासाठी एकच पाकीट घालतात आणि मग चवीत जे दोष राहतात त्यांचे खापर तापमानावर फोडतात. यीस्टच्या पेशी कमी असल्या की त्यांना आधी स्वतःची संख्या वाढवावी लागते आणि केळ्यासारखे किंवा द्रावकासारखे वास निर्माण होण्याचा धोका याच वाढीच्या काळात सर्वाधिक असतो. थंडी नसताना पेशींची भरपूर संख्या हेच आपले मुख्य संरक्षण आहे. म्हणून एका पाकिटाच्या किमतीवर या उत्पादनाचे मूल्यमापन करू नये. त्याची खरी किंमत दोन पाकिटांची आहे, असे धरूनच ते घ्यावे. यीस्ट आधी कोमट पाण्यात भिजवण्याची गरज नाही. उत्पादक ते थेट वर्टवर भुरभुरण्यास सांगतो आणि मीही तसेच करतो. कोरड्या यीस्टच्या पेशींत वाढीसाठी लागणारा साठा कारखान्यातच भरलेला असल्यामुळे पहिल्या वापराच्या वेळी वर्टमध्ये ऑक्सिजन मिसळण्याचा खटाटोपही करावा लागत नाही.

ज्या पाककृतीवर मी या यीस्टची परीक्षा केली ती मुद्दाम साधी ठेवली आहे, कारण पिल्सनर या फिकट लागरमध्ये दोष लपवायला जागा नसते. वीस लिटरसाठी सव्वाचार किलो जर्मन पिल्सनर माल्ट, ६५ अंशांच्या पाण्यात तासभर, उकळीच्या शेवटच्या ६० मिनिटांसाठी ६० ग्रॅम साझ जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि गंध देणारी फुले) आणि शेवटच्या १५ मिनिटांसाठी आणखी ३० ग्रॅम. सुरुवातीची (पाण्याच्या तुलनेतली) घनता १.०४६च्या आसपास येते, शेवटची १.००८पर्यंत उतरते आणि अल्कोहोल पाच टक्क्यांच्या जवळ जाते. लंडन आणि आसपासच्या भागातले नळाचे पाणी खूप जड असते, त्यात चुन्याचे क्षार भरपूर असतात, आणि अशा पाण्यात केलेल्या फिकट बिअरला एक खरखरीत कडवटपणा येतो. त्यासाठी मी निम्म्याहून अधिक पाणी कमी क्षारांचे, बाटलीतले वापरतो आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन मारण्यासाठी कॅम्डेनची अर्धी गोळी विरघळवतो. कुरकुरीतपणा हा शब्द आपण यीस्टच्या खात्यावर टाकतो, पण त्याचा मोठा वाटा पाण्याचा आणि कमी तापमानाला केलेल्या मॅशचा, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवण्याच्या क्रियेचा, असतो, हे या परीक्षणात आधीच सांगितले पाहिजे. नाहीतर यीस्टला नको तेवढे श्रेय किंवा नको तेवढा दोष दिला जाईल.

उकळलेला वर्ट थंड करण्यासाठी तांब्याच्या नळीचे शीतक बाजारात मिळते, पण तेही नसले तरी काम होते. हिवाळ्यात नळाचे पाणी पुरेसे गार असते. झाकलेले पातेले न्हाणीघरातल्या टबात ठेवून पाणी दोनदा बदलले आणि शेवटी बर्फ टाकला, तर तासाभरात वर्ट पंचविशीच्या खाली येतो. ऑस्ट्रेलियातल्या घरगुती ब्रुअरांनी पाणी वाचवण्यासाठी दुसरी रीत रूढ केली. ते उकळता वर्ट उष्णता सोसणाऱ्या जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरतात, तो घट्ट बंद करून आडवा करतात, म्हणजे झाकणही आतल्या उष्णतेने निर्जंतुक होते, आणि रात्रभर तसाच निवू देतात. ही रीत सोयीची आहे, परंतु तिच्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पिल्सनर माल्टमध्ये उकडलेल्या कोबीसारखा वास देणारे डायमिथिल सल्फाइड तयार होण्याची प्रवृत्ती असते आणि वर्ट गरम आहे तोवर ती चालूच राहते. म्हणून उकळी साठऐवजी नव्वद मिनिटांची ठेवावी आणि उकळताना पातेल्यावर झाकण ठेवू नये. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. यीस्ट नसलेला वर्ट बॉट्युलिझमच्या जंतूंना रोखण्याइतका आम्ल नसतो, त्यामुळे असा कॅन आठवडेच्या आठवडे साठवून ठेवण्याची पद्धत मला मान्य नाही. दुसऱ्या दिवशी यीस्ट घालून मोकळे व्हावे.

यानंतरचा भाग सर्वांत जास्त लक्ष मागणारा आहे. खोलीचे तापमान आणि वर्टचे तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आंबण्याची क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते. वीस लिटरच्या घाण्यात जेवढी साखर आंबते तिच्यातून निघणारी सगळी उष्णता जर आतच कोंडून राहिली, तर ढोबळ हिशेबाने वर्टचे तापमान दहा-अकरा अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात ती हळूहळू बाहेर पडते, तरी भर जोमाच्या दिवसांत फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवण्याचे भांडे, खोलीपेक्षा दोन ते चार अंश गरम असतो. खोली १८ अंशांवर असेल तर वर्ट २१ अंशांवर आहे असे समजून चालावे. फर्मेंटरच्या अंगावर चिकटवायची थर्मामीटरची पट्टी अगदी स्वस्त असते आणि या पद्धतीत तीच खरी मार्गदर्शक आहे.

हे दोन-चार अंश खाली आणण्यासाठी माझी व्यवस्था अशी असते. फर्मेंटर एका रुंद टबात ठेवायचा, टबात सुमारे वीस लिटर पाणी भरायचे, फर्मेंटरला जुना सुती टी-शर्ट असा गुंडाळायचा की त्याचे टोक पाण्यात राहील, आणि जमल्यास समोर लहान पंखा लावायचा. ओल्या कापडातून पाणी वर चढत राहते, वाऱ्याने सुकत राहते आणि माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने आतला वर्ट गार राहतो. याच्या जोडीला लिटरभर पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून ठेवायच्या आणि सकाळ-संध्याकाळ एकेक टबात सोडायची. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोजूल उष्णता शोषतो. वीस लिटर वर्ट आणि वीस लिटर पाणी मिळून चाळीस किलोचा हा साठा एका बाटलीने जवळजवळ दोन अंश उतरतो. वर सांगितलेली आंबण्याची सगळी उष्णता अशा तीन बाटल्यांच्या बर्फात सामावते. बाकीच्या बाटल्या लागतात त्या खोलीतून आत येणाऱ्या उबेसाठी. टबातल्या पाण्याचा आणखी एक फायदा असा की त्या वजनामुळे तापमान झटकन वरखाली होत नाही, आणि यीस्टला सतत बदलणाऱ्या गारव्यापेक्षा स्थिर ऊब अधिक मानवते.

मी वर्ट १५-१६ अंशांवर असताना यीस्ट घालतो आणि पहिले चार दिवस तो १७च्या वर जाऊ देत नाही. गंध आणि चवीचे बरेवाईट जे काही ठरायचे ते बहुतांशी याच दिवसांत ठरते. त्यानंतर बर्फाच्या बाटल्या थांबवायच्या, टी-शर्ट काढायचा आणि तापमान आपोआप १९-२० अंशांपर्यंत चढू द्यायचे. थंड फ्रिजमध्ये लागर करणाऱ्यांना ज्या टप्प्यासाठी मुद्दाम तापमान वाढवावे लागते तो टप्पा इथे विनासायास पार पडतो. लोण्यासारखा वास देणारे डायअसिटिल यीस्टच पुन्हा शोषून घेते, आणि ते काम उबेत अधिक वेगाने होते. वास उरला आहे का हे पाहायची खात्रीची रीत आहे: थोडी बिअर बंद बरणीत घालून बरणी ६५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवावी, निवू द्यावी आणि न उबवलेल्या नमुन्याशेजारी हुंगावी. उबवलेल्या नमुन्याला लोण्याचा वास आला तर आणखी दोन-तीन दिवस थांबावे. पारंपरिक थंड पद्धतीत दोन-तीन आठवडे लागणारे काम या तापमानाला दहा-बारा दिवसांत पुरे होते, हा या यीस्टचा उबेतला मोठा गुण आहे.

आंबण्याच्या सुरुवातीच्या दिवसांत कपाटातून सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो गंधकाचा असतो, या वाणाचा स्वभावच तसा आहे, आणि कार्बन डायऑक्साइडबरोबर तो निघून जातो. प्रथमच लागर करणारी व्यक्ती या वासाने घाबरून घाणा ओतून देऊ शकते, म्हणून हे स्पष्ट लिहितो. राहत्या खोलीत फर्मेंटर ठेवणार असाल तर घरच्यांना आधी कल्पना द्यावी.

सलग तीन दिवस घनता बदलली नाही, की बाटल्या भरण्याची वेळ झाली. वीस लिटरला १२५ ते १३० ग्रॅम साधी साखर उकळून घालावी आणि बाटल्या दोन आठवडे खोलीच्या तापमानाला ठेवाव्यात. या टप्प्यावर हवा लागणार नाही याची काळजी घेणे सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण फिकट लागरला ऑक्सिजन लागला की काही आठवड्यांतच ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते आणि कोणतेही यीस्ट तिला वाचवू शकत नाही. मग बाटल्या नेहमीच्या फ्रिजमध्ये जातात, निदान तीन ते चार आठवडे. पूर्ण फर्मेंटर थंड करायला मोठे यंत्र लागते. बाटल्या मात्र भाजीच्या कप्प्यात आणि दुधाच्या मागे, जमेल तशा पाच-सहाच्या तुकड्यांनी मुरवता येतात. डब्ल्यू-३४/७० तळाशी घट्ट बसते, त्यामुळे बाटलीच्या बुडाशी पातळ, चिकट थर होतो आणि वरची बिअर न हलवता ओतली तर अगदी नितळ येते. बिअर नितळ करण्यासाठी अनेकजण जिलेटिन किंवा माशापासून काढलेले आयसिंग्लास वापरतात. आपल्या घरांत शाकाहारी पाहुणे असतातच, आणि या यीस्टला त्यांपैकी काहीच लागत नाही हे मला विशेष मोलाचे वाटते. उकळीच्या शेवटी घातलेले आयरिश मॉस हे समुद्रशेवाळ आणि फ्रिजमधले महिनाभर एवढे पुरते.

चवीबद्दल. फ्रिजमध्ये आठवडाभरच राहिलेली बाटली उघडली तर हिरव्या सफरचंदाची पुसट छटा जाणवते आणि शेवट किंचित अणकुचीदार वाटतो. चौथ्या आठवड्यात ती छटा मावळते, माल्टचा ताज्या पावासारखा गंध पुढे येतो, साझचा वनस्पतींचा, किंचित मसालेदार वास त्यावर तरंगतो आणि घोट संपल्यावर तोंड कोरडे, स्वच्छ राहते. याच यीस्टने १२ अंशांवर आंबवलेल्या बिअरशेजारी ठेवून पाहिली तर फरक आहे. थंडीतली बिअर मुरायच्या आधीपासूनच शांत असते आणि तिचा गंध अधिक एकजीव वाटतो. परंतु महिनाभर मुरल्यावर हा फरक इतका कमी होतो की त्यासाठी स्वतंत्र फ्रिज घेण्याची शिफारस मी नव्याने सुरुवात करणाऱ्याला करणार नाही.

मर्यादा मात्र ठामपणे सांगायला हव्यात. २० अंशांच्या वर सुरुवातीचे दिवस गेले तर फळांचा गंध येतो आणि तो पुरता जात नाही; त्याला कॅलिफोर्नियाच्या धर्तीची बिअर म्हणून पिता येईल, पिल्सनर म्हणून नाही. दुसरे, हे यीस्ट साखर पार खाऊन टाकणारे आहे, त्यामुळे उत्तर जर्मनीच्या कोरड्या, कडू पिल्सनरसाठी ते उत्तम, पण चेक देशातल्या प्ल्झेन्य शहराच्या बिअरमधला तो भरलेला, गोलसर, किंचित लोण्यासारखा घोट त्यातून मिळत नाही. १८४२मध्ये योझेफ ग्रोल यांनी प्ल्झेन्यमध्ये जी बिअर केली तिच्या वंशजांची आवड असलेल्याने वेगळा वाण शोधावा. तिसरे, डोपेलबॉकसारख्या जड बिअरसाठी उबेत आंबवण्याची ही पद्धत मी सुचवणार नाही, कारण साखर जास्त म्हणजे उष्णता जास्त, आणि टबातल्या बर्फाच्या बाटल्यांनी ती आवरणे कठीण होते.

पर्यायांचाही विचार केला पाहिजे. याच कंपनीचे सॅफलागर एस-२३ मुळातच फळांच्या गंधाकडे झुकणारे आहे, म्हणून उबेतल्या वापरासाठी मी त्याची निवड करत नाही. लालमांड कंपनीचे नोव्हालागर हा नव्या पिढीचा संकरित वाण आहे. त्याची शिफारस १० ते २० अंशांची असून गंधक आणि डायअसिटिल कमी असावे या हेतूनेच तो विकसित केला आहे. ज्यांना गंधकाचा वास अजिबात नको किंवा ज्यांचे कपाट १८-१९ अंशांच्या खाली जात नाही, त्यांनी तो जरूर घ्यावा. माझ्या जिभेला मात्र डब्ल्यू-३४/७०ची चव अधिक ओळखीची, जुन्या जर्मन लागरच्या जवळची वाटते. नॉटिंगहॅम हे एलचे यीस्ट १४-१५ अंशांवर बरेच स्वच्छ काम करते आणि स्वस्तही पडते. पण त्याच्या बिअरमध्ये लागरचा तो पुसट गंधकमिश्रित ताजेपणा नसतो, आणि तो नसला की बिअर चांगली असूनही वेगळ्या जातीची वाटते. नॉर्वेच्या शेतघरांतले क्वाइक यीस्ट ३५ अंशांच्या पुढेही आंबते आणि त्यातला ल्यूट्रा नावाचा निवडलेला वाण बराच तटस्थ आहे, परंतु तो एलच्याच कुळातला आहे. ऐन उन्हाळ्यात, जेव्हा इंग्लंडमधले घरही २६-२७ अंशांवर जाते, तेव्हा तो वाण उपयोगी पडतो. डब्ल्यू-३४/७० मी त्या दिवसांत वापरत नाही.

पुण्या-मुंबईतून हे वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट करणे माझे कर्तव्य आहे. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरवरचा परवाना १९६३मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला आणि तेव्हापासून स्वतःच्या वापरासाठी, विक्री न करता, घरी बिअर करणे इथे कायदेशीर आहे. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे आणि ‘घरापुरतेच केले’ ही सबब त्यात चालत नाही. तेव्हा ही पद्धत जिथे कायदा परवानगी देतो तिथेच वापरावी. ज्यांना महाराष्ट्रात ताजी, स्थानिक बिअर हवी आहे त्यांच्यासाठी पुण्यात २००९मध्ये डूलालीने सुरू केलेली मायक्रोब्रुअरीची परंपरा आता चांगली रुजली आहे, आणि तिथे मिळणारी लागर टाकीभोवतीच्या शीतयंत्रणेच्या आधाराने केलेली असते.

खरेदी आणि साठवण यांविषयी. ब्रिटनमध्ये एका पाकिटाची किंमत दुकानागणिक बदलते, पण एलच्या नेहमीच्या पाकिटापेक्षा ती जास्तच असते, आणि दोन घ्यायची असल्यामुळे वीस लिटरच्या घाण्यातला यीस्ट हा एक ठळक खर्च ठरतो. कोरडे यीस्ट असल्यामुळे टपालाने ते सुरक्षित येते; द्रव यीस्टसारखी बर्फाच्या पिशवीची गरज पडत नाही. घरी आल्यावर ते फ्रिजमध्येच ठेवावे, आणि विकत घेताना पाकिटावरची मुदत पाहावी, कारण जुन्या पाकिटात जिवंत पेशी कमी झालेल्या असतात आणि आपल्या पद्धतीचा सगळा भर पेशींच्या संख्येवर आहे. उघडलेले पाकीट घट्ट बंद करून ४ अंशांवर ठेवले तरी आठवड्याच्या आत संपवावे, असे उत्पादकाचे सांगणे आहे.

खर्च कमी करण्याचा योग्य मार्ग पाकिटे कमी करण्याचा नसून गाळ जपण्याचा आहे. बाटल्या भरल्यावर फर्मेंटरच्या तळाशी जो दाट, पांढुरका थर उरतो त्यात पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त यीस्ट असते. उकळून निर्जंतुक केलेल्या बरणीत तो काढून फ्रिजमध्ये ठेवावा, झाकण सैल असावे, आणि दोन आठवड्यांच्या आत पुढच्या फिकट लागरमध्ये त्यातला पाव लिटरभर दाट गाळ घालावा. या दुसऱ्या वेळेस मात्र यीस्टचा साठा संपलेला असल्यामुळे वर्ट जोरात हलवून त्यात हवा मिसळणे गरजेचे असते. असा गाळ मी तीन-चार पिढ्यांपर्यंत वापरतो, फिकट बिअरकडून गडद बिअरकडे जातो, उलट कधीच नाही. दुसऱ्या पिढीपासून आंबण्याची सुरुवात अधिक लवकर होते, त्यामुळे त्या घाण्याला टबातल्या बर्फाच्या बाटल्या पहिल्या रात्रीपासूनच तयार ठेवाव्या लागतात.